विद्यापीठात जॅझ शिकवायचं असेल तर आधी स्वतः काय शिकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत जॅझ गिटार घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि पुढं विद्यापीठातच जॅझ शिकवायची इच्छा आहे. परफॉर्मन्सची, म्हणजे वादनाची पदवी चालू ठेवावी की म्युझिक एज्युकेशनकडं, म्हणजे संगीत शिकवण्याच्या पदवीकडं वळावं, डॉक्टरेट लागतेच का, आणि वादक म्हणून मोठं नाव नसलेल्या माणसाला या क्षेत्रात जागा आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी ट्रॉम्बोन वाजवते. बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या जॅझ विभागात बिग बँड, कॉम्बो (मोजक्या वादकांचा छोटा बँड), अरेंजिंग (बँडमधल्या प्रत्येक वाद्यानं काय वाजवायचं ते लिहिणं) आणि जॅझचा इतिहास शिकवते आहे, आणि नवे शिक्षक निवडायच्या समित्यांवरही काम केलंय. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण त्यांच्या आधी आणखी एक प्रश्न सोडवायला हवा.

या नोकरीत दिवसभर करायचं काय असतं, आणि त्यातलं किती आपल्याला आत्ता शिकवलं जातंय? जॅझचा विद्यार्थी चार वर्षं मुख्यतः स्वतःचा सोलो सुधारत असतो. शिक्षकाचा बहुतेक वेळ मात्र दुसऱ्यांचा बँड धड वाजेल हे बघण्यात जातो. त्या बँडमध्ये अडचण आली की दहातल्या सहा-सात वेळा तिचं मूळ रिदम सेक्शनमध्ये, म्हणजे पियानो, गिटार, बास आणि ड्रम्स यांच्यात सापडतं. हा आकडा कुठल्या पाहणीतला नाही, माझा तालमींतला अंदाज आहे. नोकरीसाठी अर्ज करणारे बहुतेक उमेदवार उत्तम सोलो वाजवतात. गडबडलेल्या रिदम सेक्शनसमोर उभं राहून पाच मिनिटांत तिला सावरणारे फार थोडे असतात. तुम्ही त्या थोड्यांत यावं असं मला वाटतं, आणि पदवीचा निर्णयही त्याच हिशेबानं घ्यावा.

पदवीचं आधी सांगते, कारण ते त्या मानानं सरळ आहे. अमेरिकेत सरकारी शाळेत संगीत शिकवायचं तर त्या त्या राज्याचा परवाना लागतो. म्युझिक एज्युकेशनची पदवी त्यासाठीच बांधलेली असते: कंडक्टिंग, प्रत्येक वाद्यकुळाची तोंडओळख करून देणारे वर्ग, शिक्षणशास्त्र, आणि शेवटी शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचं एक सत्र. जॅझ स्टडीजची किंवा परफॉर्मन्सची पदवी हा परवाना देत नाही. विद्यापीठात शिकवायला तो परवाना मुळात लागतच नाही. म्हणजे निव्वळ नियमांकडं बघितलं तर तुम्हाला बदलायची गरज नाही.

तरीसुद्धा एज्युकेशनची वाट दुय्यम समजू नका. इंडियाना विद्यापीठातला जॅझचा अभ्यासक्रम उभा करणारे डेव्हिड बेकर यांच्या स्वतःच्या पदव्या म्युझिक एज्युकेशनमधल्याच होत्या. ते अव्वल ट्रॉम्बोनवादक होते, जबड्याच्या दुखापतीमुळं ट्रॉम्बोन सोडून चेलोकडं वळले आणि जॅझ शिकवावं कसं यावर त्यांनी आयुष्यभर लिहिलं. अनोळखी वाद्याची बोटं, ओठ, श्वास समजून घ्यायची जी शिस्त त्या पदवीत लागते ती परफॉर्मन्सवाल्यांना सहसा मिळत नाही. शिवाय शाळेत काही वर्षं बँड चालवलेल्या उमेदवाराकडं निवड समिती वेगळ्या नजरेनं बघते, कारण कॉलेजला विद्यार्थी मिळतात ते शाळांच्याच बँडमधून, आणि शाळेतल्या शिक्षकांशी ज्याची ओळख आहे त्याचा विभागाला थेट उपयोग होतो.

तेव्हा माझा सल्ला तुमच्या एका उत्तरावर अवलंबून आहे. चार-पाच वर्षं शाळेत शिकवायला तुम्हाला मनापासून आवडेल का? आवडणार असेल तर आत्ताच बदला. दुसरं वर्ष म्हणजे फार उशीर झालेला नाही, मात्र त्या पदवीत विषय इतके ठासून भरलेले असतात की चार वर्षांत ती संपवणं अवघड जातं, याची तयारी ठेवा. आवडणार नसेल तर परवाना हाताशी असावा एवढ्याच कारणासाठी बदलू नका. परफॉर्मन्समध्येच राहा आणि एज्युकेशन विभागातले ब्रास, वुडविंड आणि पर्कशनचे वर्ग मागून घ्या. विचारलं तर बऱ्याच ठिकाणी मिळतात, पण विचारायला कुणी जात नाही.

युरोपात शिकायचा विचार असेल तर चित्र थोडं वेगळं आहे. तिथं हे शिक्षण बरंचसं कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीत महाविद्यालयांत, किंवा कला विद्यापीठांत होतं आणि काही ठिकाणी वाद्य शिकवण्याची स्वतंत्र पदवीच असते. ऑस्ट्रियात ग्राट्सला १९६५ पासून जॅझचा विभाग आहे. पण तुम्ही अमेरिकेत आहात, म्हणून पुढचं सगळं तिथलंच धरून लिहिते.

आता डॉक्टरेट. पूर्ण वेळेच्या जागांच्या जाहिरातीत बहुधा असं लिहिलेलं असतं की मास्टर्स आवश्यक, डॉक्टरेट असल्यास प्राधान्य, किंवा तोलामोलाचा व्यावसायिक अनुभव. यातला शेवटचा पर्याय खरा आहे, पण तो कुणासाठी असतो हे ओळखून घ्या. पियानोवादक आणि अरेंजर मेरी लू विल्यम्स १९७७ मध्ये ड्यूक विद्यापीठात शिकवायला लागल्या आणि १९८१ मध्ये निधन होईपर्यंत तिथंच होत्या. त्यांनी महाविद्यालयात शिकून पदवी घेतलेली नव्हती. त्यांच्यापाशी होतं ते लहान वयापासून बँडमध्ये वाजवण्याचं, अरेंजमेंट लिहिण्याचं आणि जॅझची एकेक शैली घडताना आतून बघितल्याचं आयुष्य. तोलामोलाचा अनुभव म्हणजे त्या पातळीचा. दुसऱ्या बाजूला बिली टेलर बघा. नावाजलेले पियानोवादक असूनही त्यांनी १९७५ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून शिक्षण विषयात डॉक्टरेट घेतली. दोन्ही वाटा होत्या आणि आहेत, पण विशीतल्या माणसानं पहिल्या वाटेवर विसंबून राहू नये.

मास्टर्सला साधारण दोन वर्षं लागतात आणि डॉक्टरेटला तीन किंवा त्याहून जास्त. जॅझमध्ये डी.एम.ए. (डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स) ही डॉक्टरेट देणाऱ्या संस्थांत नॉर्थ टेक्सस, मायामी, ईस्टमन, कोलोरॅडो, इलिनॉय ही नावं तुमच्या कानावर आली असतीलच. यातली कुठली चांगली असं मला विचारू नका. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणच्या सध्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना गाठा आणि दोन गोष्टी विचारा: आठवड्याला तुम्ही स्वतः किती तास शिकवता, आणि तुम्ही शिकवत असताना वर्गात बसून कुणी मोठा माणूस बघतो का? पहिल्या प्रश्नाला बरीच चांगली उत्तरं मिळतील. टीचिंग असिस्टंटशिप मिळाली की फी माफ होते, थोडं मानधन मिळतं आणि बदल्यात एखादा कॉम्बो किंवा थिअरीचा वर्ग तुमच्याकडं येतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र अनेक जण गप्प बसतील. असिस्टंटच्या हाती कॉम्बो सोपवायचा आणि सत्र संपेपर्यंत तिकडं फिरकायचंही नाही, असं कित्येक विभागांत चालतं. तिथं तुम्हाला शिकवण्याचा सराव मिळेल, पण शिकवायचं कसं ते शिकायला मिळणार नाही. माझ्या मते संस्थेच्या नावापेक्षा हा फरक मोठा आहे.

नॉर्थ टेक्ससची एक पद्धत मला यासाठी आवडते. तिथल्या बिग बँडना तालमीच्या वेळेवरून नावं आहेत, दुपारी एकचा बँड सगळ्यात वरचा, मग दोनचा, असं खाली. खालचे काही बँड पदव्युत्तर विद्यार्थी चालवतात. चाचपडणाऱ्या बँडसमोर उभं राहायला मिळणं ही शिक्षक होऊ बघणाऱ्यासाठी सगळ्यात मोलाची संधी आहे. वरच्या बँडमध्ये तुम्ही चूक सांगायच्या आत वादकांनी ती सुधारलेली असते. खालच्या बँडमध्ये चूक कुठली, ती कुणाची, आणि ती सुधारायला काय सांगायचं, हे तिन्ही तुम्हालाच शोधावं लागतं.

हे शोधणं कसं असतं ते एका तालमीवरून सांगते. पाच जणांचा कॉम्बो आहे, आल्टो सॅक्सोफोन, गिटार, पियानो, बास आणि ड्रम्स. बी फ्लॅटमधला साधा बारा बारांचा, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा भागांचा ब्लूज मध्यम लयीत चाललाय. दोन-तीन कोरस, म्हणजे त्या बारा बारांची आवर्तनं, झाली की लय चढायला लागते आणि नवव्या बारच्या आसपास सॅक्सोफोनवाला हरवतो. नवखा शिक्षक ड्रमरला म्हणतो, ‘पळू नकोस’ आणि सॅक्सवाल्याला म्हणतो, ‘फॉर्म लक्षात ठेव’, म्हणजे आवर्तनात आपण कुठं आहोत ते. सूचना चुकीच्या नाहीत, पण त्यांनी काही बदलत नाही, कारण ड्रमरला आपण पळतोय हे कळत नाहीये आणि सॅक्सवाला फॉर्म लक्षात ठेवण्याचीच धडपड करतोय.

मी अशा वेळी एकेकाला बाजूला काढते. आधी ड्रम्स थांबवते. लय तरीही चढते, म्हणजे ती ड्रमर पळवत नव्हता. ड्रम्स परत आणते आणि पियानो थांबवते. आता एकदम सगळं खाली बसतं. पियानोवादकाच्या हातांकडं बघितलं की उलगडा होतो. डावा हात प्रत्येक कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचा) मूळ स्वर बासच्याच पट्टीत दणकावतोय आणि उजवा हात चार-चार स्वरांच्या कॉर्ड पहिल्या मात्रेच्या किंचित आधी दाबतोय. बासवाल्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही म्हणून तो पियानोच्या मागं धावतो. ड्रमर बासच्या मागं धावतो. वरून गिटारही तीच कॉर्ड वाजवतेय, त्यामुळं सॅक्सवाल्याच्या कानावर नुसता कल्ला येतोय. फॉर्म त्याला ऐकूच येत नसल्यामुळं तो बार मोजत बसलाय, आणि सोलो वाजवता वाजवता बार मोजणं फार काळ जमत नाही.

मग मी पियानोवादकाला डावा हात मांडीवर ठेवायला सांगते. उजव्या हातानं फक्त दोन स्वर. बी फ्लॅट सेव्हन या कॉर्डला डी आणि ए फ्लॅट, ई फ्लॅट सेव्हनला डी फ्लॅट आणि जी. दोन्ही बोटं अर्ध्या स्वरानं खाली सरकतात, बाकी काही नाही. मूळ स्वर बासकडं आहे, तो पियानोनं वाजवायची गरजच नाही. गिटारला एक कोरस पूर्ण गप्प बसवते, पुढच्या कोरसला पियानो गप्प आणि गिटार तेच दोन स्वर वाजवते. ड्रमरला राइड सिम्बल आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर हाय-हॅट एवढंच ठेवायला सांगते. आणि सॅक्सवाल्याला वाद्य खाली ठेवून गायला लावते, आधी डी पासून निघणारी ओळ, मग ए फ्लॅटपासून निघणारी. पाचव्या बारला डी चा डी फ्लॅट होतो तो क्षण एकदा गळ्यातून गेला की त्याला बार मोजावे लागत नाहीत. आपण कुठं आहोत हे त्याला ऐकू येतं. यातलं सगळं पंधरा मिनिटांत होतं आणि पाचही जण काहीतरी घेऊन जातात.

हे जमायला मला ड्रम्स किंवा पियानो उत्तम वाजवता यावा लागला नाही. पण ड्रमरच्या उजव्या पायाचं काम काय, बासवाला पुढच्या कॉर्डकडं जाताना चौथ्या मात्रेवर कुठला स्वर का निवडतो, पियानोवादक जागा सोडतो म्हणजे नेमकं काय करतो, हे स्वतः हातानं करून बघितलेलं असावं लागतं. म्हणून तुम्हाला आत्ता एकच गोष्ट करता येणार असेल तर वर्षभर ड्रम सेटचे धडे घ्या. स्विंगमध्ये स्वच्छ लय धरता येणं, बोसा नोव्हा आणि वॉल्ट्झची मूलभूत चाल येणं, ब्रशनं बॅलड सांभाळता येणं, एवढं पुरे. त्याच्या बरोबरीनं पियानोवर दोन आणि तीन स्वरांच्या कॉर्डनी कॉम्पिंग, म्हणजे सोलो वाजवणाऱ्याला साथ, करायला शिका. गिटारवादकाला हे लवकर येतं, कारण गिटारवर आपण तसेही मोजकेच स्वर धरतो.

गिटार असण्याचे तुम्हाला फायदेही आहेत आणि एक मोठा तोटाही. फायदा हा की तुम्ही मुळातच रिदम सेक्शनमधले आहात. गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये काउंट बेसीच्या बिग बँडमध्ये आले आणि १९८७ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचं मुख्य काम होतं बारमधल्या चारही मात्रांवर अचूक कॉर्ड वाजवणं. सोलो जवळजवळ नाहीच. ते काम इतक्या बारकाईनं ऐकलेला माणूस बँडची लय आतून समजतो. हे ऐकणं विद्यार्थ्यांना शिकवता येतं आणि शिकवायलाच हवं. तोटा असा की गिटारवाले श्वास न घेता वाढतात. बिग बँडमध्ये साधारण सतरा माणसं असतात, पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि चार जणांचा रिदम सेक्शन. म्हणजे तेरा जण फुंकणारे. त्यांच्याशी बोलायचं तर वाक्य कुठं तोडायचं, लीड ट्रम्पेटचे ओठ कधी थकतात, ट्रॉम्बोनवर कुठले दोन स्वर लागोपाठ आले तर स्लाइड लांब न्यावी लागते, आल्टोच्या कागदावरचा सी म्हणजे पियानोवरचा ई फ्लॅट असतो, हे सगळं अंगवळणी पडलेलं असावं लागतं.

यासाठी सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे अरेंजिंग. पण वरच्या बँडसाठी नाही, तुमच्या विभागातल्या शेवटच्या बँडसाठी लिहा. तिथला चौथा ट्रम्पेटवाला वरचे स्वर काढू शकत नाही, तिसऱ्या ट्रॉम्बोनला वेगवान पळत्या ओळी जमत नाहीत. त्या मर्यादेत राहून वाजवताना त्यांना मजा येईल असं काही लिहून दाखवा. ते कागद वाटून पहिल्यांदा वाजतं तेव्हा तुम्हाला जितकं कळतं तितकं कुठल्याही पुस्तकातून कळत नाही. वाजून झालं की प्रत्येक वादकाला जाऊन विचारा की कुठं अडलं.

आता एका मतभेदाच्या गोष्टीवर येते. विद्यापीठांत इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे ऐनवेळी सुचेल ते वाजवणं, मुख्यतः कॉर्ड आणि स्केल (क्रमानं चढणारे-उतरणारे ठरावीक स्वर) जोडून शिकवलं जातं: या कॉर्डवर हे स्केल, त्या कॉर्डवर ते. त्यामागं गंभीर विचार आहे. कॉर्ड आणि स्केल यांचं नातं मांडणारा संगीतकार जॉर्ज रसेल यांचा लिडियन क्रोमॅटिक सिद्धांत १९५३ चा, आणि पुढं बोस्टनच्या बर्कली या संगीत महाविद्यालयासारख्या संस्थांनी कॉर्ड-स्केलची पद्धत घडवून जगभर नेली. ती विद्यापीठात इतकी रुजली त्याचं एक साधं कारण म्हणजे तिची लेखी परीक्षा घेता येते आणि गुण देता येतात. पण सुरुवातच तिथून केली की विद्यार्थी स्केल वर-खाली वाजवतात, प्रत्येक स्वर बरोबर असतो आणि ऐकणाऱ्याला काहीही पोहोचत नाही. मी स्वतः पहिल्या सत्रात स्केलचं नावही काढत नाही. आधी मूळ चाल पाठ करून गायची, मग बासची ओळ गायची, मग वर सांगितली तशी दोन स्वरांची ओळ, आणि मग मूळ चालीतच थोडे बदल करत वाजवायचं. ट्रान्सक्रिप्शनसाठी, म्हणजे रेकॉर्ड ऐकून सोलो लिहून काढण्यासाठी, लेस्टर यंगसारखा मोजकं बोलणारा सॅक्सोफोनवादक देते, आणि कागदावर लिहायच्या आधी पूर्ण सोलो रेकॉर्डबरोबर गाऊन दाखवायला सांगते. स्केल दुसऱ्या सत्रात येतात, तोवर कानाला त्यांचा उपयोग कळलेला असतो.

तुम्ही ज्या विभागात नोकरी कराल तिथं कदाचित याच्या उलट क्रम ठरलेला असेल. तेव्हा दोन्ही पद्धतींनी शिकवता आलं पाहिजे. पण स्वतःचं मत हवं आणि ते कशावरून बनलं हे सांगता आलं पाहिजे. मुलाखतीत हा प्रश्न हमखास निघतो.

जॅझचा इतिहास हा विषय बरेच वादक टाळतात, तसं तुम्ही करू नका. लहान कॉलेजात जॅझचा पूर्ण वेळ शिक्षक बहुधा एकटाच असतो आणि बिग बँड, कॉम्बो, थिअरी, गिटारचे वैयक्तिक धडे यांच्याबरोबर संगीताबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी असलेला इतिहासाचा मोठा वर्गही त्याच्याच गळ्यात पडतो. मला तो वर्ग सगळ्यात जबाबदारीचा वाटतो. तिथं बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांना जॅझबद्दल जे काही कळणार ते तिथंच कळणार असतं, आणि हे संगीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय माणसांनी कुठल्या परिस्थितीत घडवलं हे नीट सांगितलं नाही तर आपण त्यांना अर्धवट काहीतरी देतो. आपल्याच क्षेत्राचा इतिहास घ्या. डान्स बँड असा मुख्य विषय घेऊन पदवी मिळण्याची सोय नॉर्थ टेक्ससमध्ये १९४७ मध्ये झाली. जॅझच्या विद्यापीठीय शिक्षणाची सुरुवात म्हणून हे साल सगळीकडं सांगितलं जातं. त्या वर्षी त्या कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता. ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांचीच मुलं ते शिकायला त्या इमारतीत जाऊ शकत नव्हती. ही दोन्ही वाक्यं एकाच तासाला, एकापाठोपाठ सांगायला हवीत. आणि जॅझ शिकवणं १९४७ मध्ये सुरू झालं असंही समजू नका. १९२८ मध्ये फ्रँकफुर्टच्या हॉख कॉन्झर्व्हेटरीत माट्याश शायबर यांनी जॅझचा वर्ग चालू केला होता, १९३३ मध्ये नाझींनी तो बंद पाडला. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून वादक एकमेकांना घरी, बँडच्या बसमध्ये आणि रात्री उशिराच्या जॅम सेशनमध्ये शिकवतच होते. यात खोल जायचं असेल तर जॅझचे अभ्यासक मार्शल स्टर्न्स यांनी १९५२ मध्ये स्थापलेली इन्स्टिट्यूट ऑफ जॅझ स्टडीज आज रटगर्स विद्यापीठात न्यूअर्कला आहे. जॅझच्या कागदपत्रांचा आणि ध्वनिमुद्रणांचा असा संग्रह क्वचितच बघायला मिळतो.

तुमचा तिसरा प्रश्न नावाचा. इथं परिस्थिती काय आहे ते स्पष्ट सांगते. पूर्ण वेळेच्या जागा थोड्या निघतात आणि प्रत्येक जागेसाठी चांगल्या उमेदवारांची गर्दी असते. बरेच जण अनेक वर्षं तासिका तत्त्वावर, एकाच वेळी दोन-तीन कॉलेजांत शिकवतात. त्यात पगार कमी, आरोग्य विमा बहुधा नाही आणि पुढच्या सत्राची खात्री नाही. हे पत्करायची तयारी आहे का, हे घरच्यांशी बोलून ठरवा. मोठ्या शहरात किंवा आपल्या गावाजवळच राहायचा हट्ट असेल तर संधी आणखी कमी होतात.

पण नाव नाही म्हणून जागा नाही, हे खरं नाही. मोठ्या नावाच्या वादकांना बोलावणं येतं ते काही मोजक्या विभागांतून. बाकी शेकडो कॉलेजांना हवा असतो तो रोज सकाळी येणारा, बँड उभा करणारा, शाळांत जाऊन विद्यार्थी आणणारा, बजेट सांभाळणारा आणि तरीही मंचावर विश्वासानं वाजवू शकणारा माणूस. तुमचं वादन इतकं मात्र असायला हवं की सोबतच्या प्राध्यापकांबरोबर ऐनवेळी मंचावर बसता येईल आणि विद्यार्थ्यांना तुमच्याकडून ऐकून शिकता येईल. तेव्हा रियाज सोडू नका आणि बाहेर मैफली वाजवत राहा. शिकवणारा माणूस वाजवायचा थांबला की दोन-तीन वर्षांत त्याच्या बोलण्यातून ते कळायला लागतं. मास्टर्स झाल्यावर लगेच डॉक्टरेटला न जाता काही वर्षं वाजवावं आणि मिळेल तिथं शिकवावं, या मताची मी आहे. त्या काळात पडलेले प्रश्न घेऊन जे विद्यार्थी डॉक्टरेटला येतात त्यांचं काम वेगळंच दिसतं. आर्थिक अडचण असेल किंवा असिस्टंटशिप समोर चालून आली असेल तर अर्थातच थांबू नका.

निवड कशी होते तेही माहीत असू द्या. अर्जाबरोबर वादनाचं ध्वनिमुद्रण, शिकवण्याबद्दलची भूमिका मांडणारं एखाद-दोन पानांचं लेखन आणि आता बहुतेक ठिकाणी तालीम घेतानाचा व्हिडिओ मागतात. शेवटच्या फेरीतल्या दोघा-तिघांना एक-दोन दिवस बोलावतात. एक वर्ग घ्यायचा, एकाचा वैयक्तिक धडा घ्यायचा, प्राध्यापकांबरोबर वाजवायचं, आणि कधी न बघितलेल्या बँडची तालीम घ्यायची. मी समितीत असते तेव्हा तालमीची पहिली दहा मिनिटं डोळ्यांत तेल घालून बघते. उमेदवार किती बोलतो आणि बँड किती वाजतो? थांबवल्यावर त्यानं सांगितलेल्या गोष्टीनं पुढच्या वेळी फरक पडला का? मागच्या रांगेतल्या चौथ्या ट्रॉम्बोनकडं त्याचं लक्ष गेलं का? एका उमेदवारानं तर तालीम चालू असताना गिटारवाल्याचा अॅम्प्लिफायर दोन पावलं सरकवून बासवाल्याच्या जवळ आणला आणि दोघांना एकमेकांचं ऐकू यायला लागलं. त्यावर त्यानं एक शब्दही भाषण केलं नाही. आम्ही सगळ्यांनी त्याच क्षणी वहीत काहीतरी लिहिलं.

तालमीचा व्हिडिओ ही अशी गोष्ट आहे की तिची तयारी तुम्ही याच सत्रात करू शकता. विभागातल्या एखाद्या कॉम्बोची एक तालीम घ्यायची परवानगी मागा आणि फोन एका कोपऱ्यात, तुमचा चेहरा आणि वादकांचे हात दोन्ही दिसतील असा लावा. नंतर बघताना एकदा आवाज बंद करून बघा, म्हणजे तुमचे हात आणि नजर कुठं जाते ते कळेल. मग फक्त ऐका आणि तुम्ही बोललेलं प्रत्येक वाक्य लिहून काढा. त्यातल्या कुठल्या वाक्यानंतर वाजणं बदललं तिथं खूण करा. पाठवायचा व्हिडिओ निवडताना सगळ्यात सुरेल वाजलेला भाग घेऊ नका. आधी बिघडलेलं आणि तुमच्या सूचनेनंतर सुधारलेलं, असे दोन्ही ज्यात सलग दिसतात तो भाग काटछाट न करता पाठवा.